या चुका टाळा: क्रिमिनल जस्टिसच्या असोसिएट डिग्रीची फी भरण्याआधी

अमेरिकेतल्या मराठी घरात मुलाने ‘मला पोलिसात जायचंय’ म्हटलं की आई-बाबा गोंधळतात. इंजिनिअरिंग-मेडिकलची वाट पाठ असते, ही नसते. मग घाईत क्रिमिनल जस्टिसच्या, म्हणजे गुन्हे आणि न्यायव्यवस्थेच्या अभ्यासाच्या, दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीसाठी कॉलेज शोधलं जातं, फी भरली जाते आणि हिशोब मागाहून मांडला जातो. न्यू जर्सीत ओळखीच्या काही मुलांचे असे हिशोब मी जवळून पाहिलेत, म्हणून कळकळीने लिहितोय.

सर्वांत महाग पडते ती चूक म्हणजे नोकरी कोणती ते न ठरवताच डिग्री ठरवणं. लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यात भरती व्हायला हायस्कूल डिप्लोमा पुरतो. न्यू यॉर्क पोलिसांनी कॉलेजच्या 60 क्रेडिटची (पूर्ण केलेल्या विषयांची मोजणी; 60 म्हणजे साधारण दोन वर्षांचा अभ्यास) अट फेब्रुवारी 2025 मध्ये 24 वर आणली. उलट एफबीआयचा स्पेशल एजंट व्हायचं तर चार वर्षांची पदवी हवीच, आणि प्रोबेशन ऑफिसरच्या (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) जागांनाही बहुतेक ठिकाणी तीच लागते. थोडक्यात, एका टोकाला दोन वर्षांच्या डिग्रीची सक्ती नाही आणि दुसऱ्या टोकाला ती अपुरी पडते. म्हणून कॉलेजच्या माहितीपत्रकाआधी त्या खात्याची भरतीची जाहिरात वाचा. ती फुकट वाचायला मिळते.

मग ही डिग्री घ्यावी तरी कशाला? माझ्या मते खरं कारण वयाचं आहे. न्यू यॉर्कमध्ये गणवेश चढवायला वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात. हायस्कूल संपतं अठराव्या वर्षी. मधली वर्षं तशीही काढायची असतात; त्यात स्वस्तात 60 क्रेडिट पदरात पडली तर पुढे चार वर्षांच्या पदवीचा निम्मा रस्ता सरतो, आणि बढतीच्या वेळी अनेक खात्यांत कॉलेजचं शिक्षण मोजलं जातं. पण पंचविशीतल्या, नोकरी करणाऱ्या माणसाला हा हिशोब लागू नाही. खात्याची शिक्षणाची अट पुरी होत असेल, तर त्याने दोन वर्षं थांबण्यापेक्षा थेट पोलीस भरतीच्या परीक्षेला बसावं. निवड झाली की पोलीस ॲकॅडमीत शिकतानाही पगार मिळतो.

‘स्वस्तात’ हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. न्यू यॉर्क शहराच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या डिग्री देणाऱ्या स्थानिक कॉलेजात) राज्यातल्या रहिवाशाला वर्षाला 4,800 डॉलर ट्यूशन पडते, म्हणजे दोन वर्षांचे 9,600. याच डिग्रीसाठी खासगी, नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजात कर्ज काढून जाणं ही दुसरी मोठी चूक. वेस्टवुड कॉलेजचं प्रकरण प्रत्येक पालकाने वाचावं. इलिनॉयमध्ये क्रिमिनल जस्टिसच्या विद्यार्थ्यांना पोलिसातल्या नोकरीची स्वप्नं दाखवली गेली, पण कॉलेजची मान्यता अशी होती की शिकागो पोलीस आणि राज्य पोलीस ती डिग्री धरतच नव्हते. राज्याच्या ॲटर्नी जनरलने 2012 मध्ये खटला भरला, 2016 मध्ये कॉलेज बंद पडलं, आणि 2022 मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने तिथल्या 79,000 विद्यार्थ्यांचं दीड अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं. माफी मिळाली, पण मधली वर्षं कोण परत देणार? कॉलेजची मान्यता आपल्याला हव्या त्या खात्याला चालते का, हे त्या खात्याच्या भरती अधिकाऱ्यालाच विचारा. प्रवेश देणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

पगाराचे आकडेही नीट वाचायला हवेत. मे 2023 च्या सरकारी आकडेवारीत पोलीस आणि डिटेक्टिव्ह यांचा मध्यक वार्षिक पगार (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) 74,910 डॉलर आहे. जाहिरातीत तो डिग्रीचा मोबदला असल्यासारखा छापतात. त्यात वीस वर्षं नोकरी झालेले आहेत, आणि डिग्री नसलेलेही. शिक्षणासाठी वेगळे किती मिळतात, हे त्या खात्याच्या युनियन करारात पाहा.

क्रेडिट पुढे न जाणं हा आणखी एक सापळा. डिग्रीच्या नावात ‘अप्लाइड’ असेल तर विशेष सावध राहा. असे अभ्यासक्रम थेट नोकरीसाठी आखलेले असतात आणि चार वर्षांच्या कॉलेजात त्यातले बरेच विषय धरले जात नाहीत. आमच्या ओळखीच्या एका मुलाला चार वर्षांच्या कॉलेजात जाताना जवळजवळ एक वर्ष पुन्हा शिकावं लागलं. कोणती क्रेडिट स्वीकारणार, हे पुढच्या कॉलेजकडून लेखी घ्या. न्यू यॉर्कमध्ये यासाठी सोपी वाट आहे: शहराच्या सरकारी विद्यापीठाच्या (क्युनी) ‘क्युनी जस्टिस ॲकॅडमी’ योजनेत कम्युनिटी कॉलेजची असोसिएट डिग्री घेऊन त्याच विद्यापीठाच्या जॉन जे कॉलेजात चार वर्षांच्या पदवीसाठी पुढे जाता येतं.

आपल्या घरांतली खास चूक मात्र नागरिकत्वाची. एच-फोरवरच्या (एच-वन व्हिसावर काम करणाऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावरच्या) मुलाला केंद्राची आर्थिक मदत मिळत नाही, ग्रीन कार्ड असलेल्याला मिळू शकते. एफबीआय आणि न्यू यॉर्क पोलिसांना अमेरिकी नागरिकच लागतो. कॅलिफोर्नियाने 2023 पासून कायदेशीर कामाचा परवाना असलेल्यांना दार उघडलंय, तरी प्रत्येक खात्याची अट वेगळी तपासावी लागते. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर एकविशीनंतर मूल आई-बाबांच्या अर्जातून बाहेर पडू शकतं; म्हणून त्याच्या एकविसाव्या वाढदिवसापर्यंत काय स्थिती असेल, हे वकिलाला आज विचारा आणि मगच पहिल्या सेमिस्टरचा चेक लिहा.