दागिने घडवणाऱ्याची विदर्भफेरी : कारागिरांच्या भेटी आणि सामानाची खरेदी कशी आखावी

हाताने दागिने घडवणाऱ्याला लागणारे नेहमीचे सामान नागपूरच्या इतवारीत एका दुपारी मिळून जाते. टाकणखार, नवसागर, मुशी, कानशी, करवतीची पाती, तार ओढण्याचे जंतर यांच्यासाठी गावोगाव हिंडण्याचे काहीच कारण नाही. हिंडायचे ते लाख, कोसा (टसर रेशीम), पितळ, ओतकाम, बांबू आणि रानबिया यांच्यासाठी. या वस्तू कोणत्या ऋतूत घ्याव्यात, उष्णतेत कशा वागतात आणि कुठे दगा देतात हे त्या रोज हाताळणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि ते दुकानाच्या गल्ल्यावर कळत नाही. म्हणून अशा फेरीला निघताना खरेदीच्या लांबलचक यादीपेक्षा आपले एखादे अडलेले काम बरोबर असणे अधिक उपयोगाचे ठरते. न जुळलेला फासा (दागिना अडकवायची कडी), वारंवार तुटणारी पोत किंवा आतून पोकळ राहिलेला मणी समोर ठेवला की कारागीर लगेच बोलू लागतो. ‘तुमची कला पाहायला आलो’ एवढेच म्हटले, तर चहा मिळतो आणि बोलणे तिथेच संपते.

केव्हा निघावे

दिवाळी आटोपल्यानंतरचे दोन-अडीच महिने सर्वांत सोयीचे. दिवाळीपूर्वी सोनारांना मान वर करायला फुरसत नसते. पावसाळ्यात पूर्व विदर्भातील घरे धानाच्या रोवणीत गुंतलेली असतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये जंगलालगतच्या गावांत पहाटेच मोहफुले वेचण्यासाठी घरे रिकामी होतात. मे महिन्यात तेंदूपाने असतात. याउलट कार्तिकात पळसावरील लाखेचे कतकी पीक नुकतेच उतरलेले असते, कोशांचा हंगाम चालू असतो आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत गावोगाव मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरत असते. मंडईतील मणी-बांगड्यांच्या दुकानांपुढे अर्धा तास उभे राहिल्यास त्या भागातील बायका आज प्रत्यक्षात काय विकत घेतात हे समजते, आणि ते कोणत्याही संग्रहालयात समजत नाही.

उन्हाळा टाळण्याचे दुसरे कारण निव्वळ पदार्थविज्ञानाचे आहे. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते आणि लाख त्याच्याच आसपास मऊ पडू लागते. चंद्रपूरच्या मे महिन्यातील उन्हात बंद गाडीचे आतले तापमान तिथवर सहज पोहोचते, आणि मग एका पिशवीत ठेवलेले सगळे सामान एक गोळा होऊन बाहेर येते.

बरोबर काय घ्यावे

०.०१ ग्रॅमपर्यंत तोलणारा छोटा काटा, व्हर्नियर, दहापट भिंग, लोहचुंबक, कसोटीचा दगड, कप्प्यांचा डबा आणि चिकटपट्टीचे लेबल एवढे पुरेसे आहे. प्रत्येक पुडीवर गाव, तारीख, भाव आणि काय सांगितले गेले ते त्याच ठिकाणी लिहावे. रात्री मुक्कामावर लिहू म्हटले की दोन गावांची लाख एक होते. नेटवर्क सगळीकडे नसल्यामुळे सुटी रोकड जवळ असावी. नायट्रिक आम्लाची बाटली आणि गॅसचा सिलिंडर मात्र गाडीत नेऊ नये. आपले नमुनेही चांदीचे न नेता तांब्यात घडवून न्यावेत. घडण तांब्यातही तेवढीच दिसते आणि वाटेत जीव टांगणीला लागत नाही.

पूर्वेकडची वाट

सगळा विदर्भ एका दमात उरकण्याचा मोह आवरावा आणि पूर्व व पश्चिम अशा दोन निराळ्या फेऱ्या आखाव्यात. पूर्वेकडची वाट नागपूर, भंडारा, मोहाडी, गोंदिया, वडसा, आरमोरी, गडचिरोली, मूल, चिचपल्ली, चंद्रपूर अशी वळसा घेऊन परत येते. भंडारा नागपूरपासून ६०-६५ किलोमीटरवर आहे आणि पितळी भांड्यांसाठी जुन्या काळापासून ओळखले जाते. दागिने घडवणाऱ्याने येथे भांडी न पाहता हातोडीचे काम पाहावे. पत्रा किती ठोकल्यावर ताठ होतो, तो केव्हा पुन्हा तापवून मऊ करावा लागतो आणि कडेला भेग जाऊ लागल्याचा आवाज कसा बदलतो, हे जाणकार तांबटाशेजारी बसून ऐकण्यासारखे असते. कातरकामातून उरलेले पत्र्याचे लहान तुकडे कानातल्यांसाठी उत्तम असतात, आणि ते वजनावर मागितल्यास सहसा नाही म्हणत नाहीत.

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव आणि गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी ही कोशाची गावे. ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा हा रेशीमधागा साडीसाठी प्रसिद्ध असला, तरी मणी ओवण्यासाठी तो नायलॉनपेक्षा कितीतरी देखणा दिसतो. घेताना कोशातून सलग उकललेला धागा घ्यावा. तुटक तंतू कातून काढलेला घिचा दिसायला रुबाबदार असला तरी मण्याच्या छिद्रात त्याचे तंतू सुटतात. चार-सहा पदर एकत्र पिळून, अंगठा आणि तर्जनीत धरून उलट फिरवून पाहावे. पीळ लगेच उलगडला तर तो पुन्हा घालून मागावा. नंतर धागा मेणाच्या वडीवरून दोनदा ओढून घ्यावा, आणि त्याआधी मण्यांच्या छिद्रांच्या कडा बारीक कानशीने मोडाव्यात, कारण पोत बहुतेक वेळा धाग्याच्या दोषाने नव्हे तर छिद्राच्या धारेने तुटते. गरसोळी किंवा काळी पोत गाठवणारा पटवेकरी त्या भागात भेटला, तर त्याच्याकडून गाठ शिकून घेण्यात एक पूर्ण सकाळ खर्च करावी.

गोंदियाकडे लाख पाहावी. पळस आणि बोरीवर वाढणारी ती रंगिनी, कुसुमाच्या झाडावरची ती कुसुमी. कुसुमी फिकट रंगाची आणि अधिक भावाची असते. पोकळ दागिन्यात भरण्यासाठी रंगिनी पुरते, पण लाखेचा रंग बाहेर दिसणार असेल तर कुसुमीवर पैसे खर्च करावेत. राळ मिसळलेली लाख तापवताच राळेचा वास देते आणि हाताच्या उबेनेही चिकटू लागते. चपडा, म्हणजे शुद्ध करून पातळ पापुद्र्यांत काढलेली लाख, जुना झाला की नीट वितळत नाही, म्हणून वर्षभरापुरताच घ्यावा. नवख्यांनी हेही ध्यानात ठेवावे की लाख भरल्यानंतर दागिन्याला पुन्हा विस्तव दाखवता येत नाही. सगळे झाळकाम (तापवून सांधे जोडणे), कड्या आणि फासेसुद्धा आधी उरकावे लागतात. ठोकणीच्या नक्षीसाठी लागणारा राळेचा ठोकळा प्रत्येक सोनार राळ, विटेची भुकटी आणि थोडे तेल घालून स्वतःच्या प्रमाणात बनवतो. ते प्रमाण जरूर विचारावे, कारण आपल्याकडे थंडीत तो तडकतो आणि वैशाखात पातळ होतो, आणि दोन्ही ऋतूंचा तोल साधलेले घर क्वचितच सापडते.

ओताऱ्याच्या अंगणात

मेण वितळवून पितळ ओतणारी मोजकीच घरे पूर्व विदर्भात उरली आहेत. या पद्धतीचे मोठे केंद्र सीमेपलीकडे बस्तरमधील कोंडागावला आहे. ओतारी आधी मातीचा गाभा करतो, त्यावर मेणाची सुतासारखी बारीक दोरी गुंडाळत नक्षी घडवतो, बारीक चाळलेल्या मातीचा पहिला थर बोटाने हलकेच लिंपतो आणि मग जाड मातीचे थर चढवतो. पहिल्या थरात एक जरी बुडबुडा राहिला तरी त्या जागी पितळेचा फोड उठतो, म्हणून या टप्प्याला गप्पा थांबतात, आणि पाहुण्यानेही थांबाव्यात.

आपल्या मण्यांचे मेणाचे नमुने घरूनच करून नेल्यास वेळ वाचतो. पितळ मेणाच्या साधारण नऊपट आणि चांदी सुमारे अकरापट जड असते. तेव्हा दोन ग्रॅम मेणाचे लोलक पितळेत अठरा ग्रॅमच्या आसपास भरेल हे आधीच काट्यावर कळते, आणि कानाला ओढ लागेल असे कानातले ओतून घेण्याची वेळ येत नाही. वजन जास्त होत असेल तर आत मातीचा गाभा ठेवून पोकळ ओतायला सांगावे. भट्टी रोज लागत नाही, पुरेसे साचे जमल्यावरच लागते. म्हणून आधी निरोप पाठवून भट्टीचा दिवस विचारावा आणि वाट त्या दिवसाभोवती आखावी. उलटे केल्यास थंड भट्टी पाहून परतावे लागते.

पुढे मूलहून चंद्रपूरकडे जाताना वाटेत चिचपल्ली लागते. तेथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूच्या दागिन्यांना खरा धोका असतो तो कोवळ्या, पिठूळ बांबूला लागणाऱ्या किडीचा. त्यावर सवागी, म्हणजे आपण झाळीला वापरतो तोच टाकणखार, बोरिक आम्लासोबत पाण्यात विरघळवून बांबू मुरवतात, ही गोष्ट दागिने घडवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. बारीक, एकसारख्या पट्ट्या काढायला मात्र बुरडाच्या घरीच शिकावे.

रानातले काय घ्यावे, काय घेऊ नये

आठवडी बाजारात गुंजा, सागरगोटे, रिठ्याच्या बिया मिळतात. गुंज हे सोनाराचे जुने वजन. ९६ गुंजांचा तोळा, म्हणजे एक गुंज ०.१२ ग्रॅमची. दिसायला इतकी सुबक असूनही तिच्यात ॲब्रिन हे तीव्र विष असते. कवच शाबूत असेपर्यंत ते आत राहते, पण मणी करायचा म्हणजे छिद्र पाडणे आलेच, आणि ती भुकटी श्वासात किंवा पोटात जाणे घातक आहे. माझ्या मते गुंजेचे दागिने करूच नयेत. लहान मुलांसाठी तर मुळीच नाही.

मोरपिसे, साळिंदराचे काटे, शिंगे, नखे कोणी कितीही आपुलकीने पुढे केली तरी नम्रपणे नाकारावीत. वाघनखासारखी वस्तू वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली थेट गुन्ह्यात नेते. लाख, मेण, बिया यांसारखे गौण वनउपज गावाकडून घ्यायचे असल्यास ग्रामसभेमार्फत घ्यावे. वन हक्क कायदा, २००६ नंतर अनेक गावांत त्या विक्रीची रीत बसली आहे आणि भावही उघड असतो. ताडोबा, नवेगाव-नागझिरा यांच्या आसपासचे रस्ते सूर्यास्तापूर्वी मागे टाकावेत.

दगडांच्या बाबतीतही थोडा संयम हवा. नागपूरजवळच्या माहुरझरी येथे डेक्कन कॉलेजने १९७० च्या दशकाच्या आरंभी उत्खनन केले, आणि अकीक, इंद्रगोप (तांबूस कार्नेलियन) यांसारख्या दगडांचे मणी घडवण्याचे ते प्राचीन केंद्र होते हे सर्वज्ञात आहे. आपल्या धंद्याचे पूर्वज तिथे बसून छिद्रे पाडत होते म्हणून ती जागा अवश्य पाहावी, परंतु शेतात सापडलेला मणी उचलू नये व विकतही घेऊ नये. वर्धा जिल्ह्यातील गिरडच्या शेख फरीद टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल खडे विखुरलेले आहेत. ते फकिराची थट्टा करणाऱ्या बंजाऱ्यांचा दगड झालेला माल होय, अशी जुनी कथा आहे. भाविकांच्या श्रद्धेची ती जागा असल्याने तेथील खडे दागिन्यात बसवण्याचा विचारही करू नये. घडीव अकीक हवे असल्यास ते गुजरातेतील खंबातहून मागवणे सरळ पडते.

पश्चिमेकडे

यवतमाळ, दिग्रस, पोहरादेवी, वाशीम, अकोला, खामगाव ही दुसरी फेरी. तांड्यांवर घुगरी, टोपली, हांसली, भुरिया, बलिया हे बंजारा अलंकार अजून वृद्ध स्त्रियांच्या अंगावर दिसतात. ते विकत मागण्याऐवजी मापे आणि रेखाटन घ्यावे, आणि तेही याडीची (बंजारा बोलीत आईची) परवानगी घेऊन. जुना दागिना मोडीच्या भावात घेणे हे आपल्या धंद्याला शोभत नाही, आणि त्यातली बरीच पांढरी धातू जर्मन सिल्व्हर निघते. तिच्यात तांबे, निकेल, जस्त असते, चांदी नावालाही नसते, आणि निकेलमुळे काहींच्या कातडीला खाज सुटते.

चांदी शेवटी, खामगावला घ्यावी. चांदीच्या व्यापारासाठी नावाजलेल्या या गावी पोहोचेपर्यंत कोणत्या घडणीला किती धातू लागेल याचा हिशेब पक्का झालेला असतो. शुद्धता तोंडी न मानता कसोटीवर रेघ ओढून, खात्रीच्या चांदीच्या रेघेशेजारी ताडून पाहावी, आणि तीन टक्के जीएसटीसह पक्के बिल घ्यावे. वाटेत कोणी विचारले तर तोच आधार असतो.

कारागिराचा वेळ

भेटीला जाताना सकाळच्या कामाच्या वेळा टाळून दुपारी जेवणानंतर जावे, आणि ‘भाऊ, काका, मावशी’ म्हणून हाक मारून आधी काम पाहू द्यावे का ते विचारावे. शिकण्यात कोणाचा अर्धा दिवस गेला असेल तर त्याची मजुरी आपणहून द्यावी. वस्तू विकत घेतल्याने ती फिटते असे मानू नये. घडणावळीवर घासाघीस करायचीच असेल तर नग वाढवून करावी. ऑर्डर देताना नमुना, वजन, नगांची संख्या आणि मुदत एका कागदावर लिहून दोघांकडे एकेक प्रत ठेवावी, निम्मी रक्कम तिथेच द्यावी, आणि माल एसटीच्या पार्सलने येणार की कुरियरने हे ठरवून घ्यावे. ओतीव काम असेल तर शेकडा दोन-चार नग फोडयुक्त निघणारच, ते कोणाच्या खात्यात धरायचे हेही त्याच कागदावर यावे. घरी परतल्यावर रानबिया उन्हात कडक वाळवून, हवाबंद डब्यात आठवडाभर वेगळ्या ठेवाव्यात. तळाशी भुकटी दिसू लागली तर आत भुंगा आहे, आणि तो डबा कोशाच्या लडीपासून दूर न्यावा.