सीएनसी लेथवर जॉब लोडिंग-अनलोडिंग ऑटोमॅटिक करताय? या चुका टाळा

चतुर्थी जवळ आली की गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, मडकई, बेतोडा, कुठल्याही वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये एकच काळजी असते: लेथवर उभं कोण राहणार? गावी गेलेला ऑपरेटर कधी परतेल हे त्याच्या घरचा गणपती दीड दिवसांचा की पाच दिवसांचा, यावर ठरतं. मग रोबोटचा विषय निघतो. विचार योग्यच आहे. दर मिनिटाला वाकून जॉब (मशीनवर कापायचा तुकडा) लावायचा आणि काढायचा, तोही अख्खी शिफ्ट, हे काम माणसाकडून करून घेण्यासारखं नाहीच. तरीही रोबोट आल्यावर थोड्याच दिवसांत सेल (लेथ आणि रोबोटची जोडणी) बंद आणि हेल्पर पुन्हा दारात उभा, असं का होतं?

माझ्या मते मूळ कारण एकच. ऑपरेटर जॉब लावतो आणि काढतो एवढंच आपण पाहतो. त्या दहा-पंधरा सेकंदांत त्याचे हात आणखी काय काय करतात, ते कोणी लिहून काढत नाही.

हात काय करतात ते न पाहता ऑर्डर देणं

जुन्या ऑपरेटरच्या शेजारी थोडा वेळ उभे राहा. दार उघडलं की तो आधी एअर गनने चकमध्ये, म्हणजे जॉब आवळून धरणाऱ्या पकडीत, हवा मारतो. बोट चकच्या तिन्ही जॉच्या (दाढांच्या) पायरीवरून फिरवतो आणि एखादी चिप (धातूचा कीस) चिकटलेली लागली तर नखाने उडवतो. नव्या जॉबची कड अंगठ्याने चाचपतो. बर (कापताना कडेला राहिलेली धार) मोठी असेल तर कानस मारतो, नाहीतर तो जॉब सरळ बाजूला ठेवतो. जॉब चकमध्ये घालून किंचित फिरवतो, मागे स्टॉपरवर दाबून धरतो आणि मगच पायाने पेडल दाबतो. काढलेला जॉब उजेडात तिरपा धरतो, आणि इन्सर्टची (टूलच्या बदलता येणाऱ्या पात्याची) कड संपत आली आहे हे फिनिशवरून ओळखतो. शेवटी जॉब पुसून गंजरोधक तेलात बुडवतो.

यातलं निम्मं काम कुठल्याच जॉबकार्डावर नसतं, म्हणून रोबोटवाल्याच्या कोटेशनमध्येही येत नाही. त्यातल्या प्रत्येक कामापुढे नाव लिहा: हे रोबोट करणार, हे मशीनचा प्रोग्राम, हे सेन्सर, हे आधीचं ऑपरेशन. ज्या कामापुढे नाव लागणार नाही, तिथेच सेल थांबणार आहे. आणि ही यादी ऑपरेटरला सोबत घेऊनच करा. उद्या सेल त्यालाच सांभाळायचा आहे, हे त्याला पहिल्या दिवशी सांगितलं तर तो मनापासून सगळं सांगेल.

चिपचा बंदोबस्त न करता रोबोट आणणं

सगळ्यात जास्त सेल इथे अडकतात. स्टेनलेस ३०४ किंवा कमी कार्बनचं स्टील टर्न करताना लांब चिप निघते आणि तिचा गुंता जॉबवर, टूलवर, चकवर बसतो. ऑपरेटर आकडीने तो ओढून काढतो. रोबोटला तो दिसतही नाही. ग्रिपर (रोबोटचा पंजा) तसाच आत जातो, गुंत्यासकट जॉब पकडतो, आणि पुढच्या जॉबच्या वेळी तीच चिप जॉवर पडलेली असते.

म्हणून आधी चिप तुटायला हवी. इन्सर्टचा चिपब्रेकर (चिप तोडणारी खाच) त्या मटेरियलसाठी आणि त्या डेप्थ ऑफ कटसाठी (कटच्या खोलीसाठी) आहे ना ते बघा. फिनिशिंगचा कट फार बारीक ठेवला तर चिपब्रेकर काम करत नाही. फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) थोडा वाढवून पाहा. कूलंटची धार कटिंग एजवर नेमकी पडते का तपासा, गरज असेल तर हाय प्रेशर पंपाचा खर्च करा. नव्या कंट्रोलमध्ये टूल पुढे-मागे हलवत कट घ्यायची सोय मिळते, तीही लांब चिपवर चांगली लागू पडते.

एवढं करूनही थोड्या चिप उरणारच. त्यासाठी जॉब काढल्यावर चक हळू फिरवत कूलंट आणि हवेचा मारा प्रोग्राममध्येच ठेवा. सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाने कापून घ्यायचे मऊ जॉ) बोअर करताना आतल्या कोपऱ्यात खाच काढा, म्हणजे कोपऱ्यात बारीक कण राहिले तरी जॉब मागे नीट टेकतो. ही खाच काढायला पाच मिनिटं लागतात आणि ती न काढल्यामुळे शिफ्टच्या शिफ्ट वाया जातात.

यासाठी माझी एक साधी अट आहे: रोबोटची ऑर्डर देण्याआधी तोच जॉब हाताने लावून एक पूर्ण शिफ्ट चालवा, पण लावणं आणि काढणं सोडून ऑपरेटरने आत हात घालायचा नाही. आकडी नाही, एअर गन नाही. मशीन न थांबता चाललं तर पुढे जा.

जॉब बसला असं गृहीत धरणं

आठ इंची हायड्रॉलिक चकचे जॉ व्यासावर साधारण साडेसात मिलिमीटरच उघडतात, म्हणजे एका बाजूला पावणेचारच्या आसपास. फोर्जिंगचा व्यास कमी-जास्त असेल, त्यात कापलेल्या टोकाची बर, त्यात रोबोटची जागा एखाद्या मिलिमीटरने चुकलेली, की जॉब जॉच्या तोंडावरच अडतो. त्यामुळे ब्लँकची (कच्च्या जॉबची) मापं सप्लायरकडूनच आवळून घ्या आणि बर तिथेच काढून मागा.

दुसरी अडचण चक बंद होताना येते. रोबोटने जॉब घट्ट धरलेला असतो, चक त्याला आपल्या सेंटरवर ओढतो, आणि दोघांच्या ओढाताणीत जॉब तिरका बसतो किंवा रोबोट कोलिजनचा अलार्म देतो. ग्रिपरवर स्प्रिंगचा पुशर लावा, आणि चक आवळताना रोबोटला थोडा सैल सोडणारं फंक्शन वापरा. जॉब पुशरने स्टॉपरवर दाबलेला असतानाच चक आवळला पाहिजे.

बसला की नाही हे सांगायला स्टॉपरच्या तोंडावर बारीक भोक पाडून एअर सेन्सिंग करतात. जॉब पूर्ण टेकला की भोक बंद होतं आणि हवेचा दाब वाढतो. मागे चिप असेल तर फट राहते, दाब वाढत नाही, आणि मशीन कट सुरू करत नाही. मागच्या तोंडावर बसणाऱ्या जॉबसाठी हा खर्च टाळू नका.

दोष शोधताना हे ध्यानात ठेवा. शंभरात एखाद-दुसऱ्या जॉबची लांबी अचानक कमी भरत असेल तर मागे चिप आहे: जॉब तेवढा पुढे सरकलेला असतो आणि फेसिंगमध्ये (पुढचं तोंड सपाट कापताना) जास्त कापला जातो. सगळेच जॉब हळूहळू एकाच दिशेने सरकत असतील तर इन्सर्टची झीज किंवा मशीनचं तापमान बघा. या दोन्हींत गल्लत झाली की माणसं दिवसभर ऑफसेट (प्रोग्राममधली टूलची मापदुरुस्ती) बदलत बसतात.

सिग्नलऐवजी टायमर

"चक बंद करा, दोन सेकंद थांबा, ग्रिपर उघडा" असा प्रोग्राम पहिल्या दिवशी छान चालतो. हायड्रॉलिकचं तेल थंड असलं किंवा हवा कमी पडली की दोन सेकंद पुरत नाहीत. दार उघडल्याचा, चक उघडल्या-आवळल्याचा, स्पिंडल थांबल्याचा, टरेट (टूल धरणारा फिरता भाग) होमला असल्याचा, प्रत्येकाचा खरा सिग्नल घ्या. चक जॉबशिवाय पूर्ण मिटला तर तोही एरर धरला गेला पाहिजे.

रोबोटची क्षमता फक्त जॉबच्या वजनावर काढणं

जॉब ३ किलोचा, म्हणून १० किलोचा रोबोट भरपूर, असं वाटतं. वेळ वाचवायला डबल ग्रिपर घेतला तर कच्चा आणि तयार असे दोन जॉब एकाच वेळी मनगटावर येतात: ६ किलो. ग्रिपर ५ किलोचा धरला तर ११ झाले, म्हणजे १० किलोचा रोबोट कमी पडला.

गोव्याचा पाऊस आणि हवा विसरणं

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कॉम्प्रेसरमधून पाणीच येतं. ते व्हॉल्व्हमध्ये साचतं, ग्रिपर मंद होतो, आणि एअर सेन्सिंगच्या बारीक भोकात थेंब अडकून जॉब बसलेला नसतानाही "बसला" असा सिग्नल येतो. रेफ्रिजरेटेड ड्रायर आणि आपोआप उघडणारा ड्रेन हे सेलचाच भाग समजा. बाहेर झाकून ठेवलेल्या ब्लँकवरही गंजाचा पापुद्रा चढतो आणि तो जॉवर सुटतो. तयार जॉब खाऱ्या हवेत ट्रेवर तसाच पडला तर सकाळी लाल दिसतो, तेव्हा तेलाचा फवारा किंवा टाकी रोबोटच्या वाटेतच बसवा.

वादळात वीज जाणारच. एका कॉइलच्या व्हॉल्व्हवर ग्रिपर चालत असेल तर वीज जाताच तो उघडू शकतो आणि जॉब खाली पडतो. दोन कॉइलचा व्हॉल्व्ह किंवा स्प्रिंगने बंद राहणारा ग्रिपर घ्या. हवाही गळून जाते, म्हणून ग्रिपरला चेक व्हॉल्व्ह लावा. वीज परत आल्यावर रोबोट मशीनच्या आत कुठेही अडकलेला असेल, तिथून सुखरूप बाहेर यायचा प्रोग्राम आधीच लिहून तपासलेला असावा. रात्रपाळीच्या माणसाला तो येतो का, हेही बघा.

रोबोटच हवा हा हट्ट

स्पिंडलच्या बोअरमधून जाणारा गोल बार असेल तर बार फीडर आणि पार्ट कॅचर स्वस्तात काम करतात. बार सरळ हवा, एवढंच. शाफ्टसारखा एकच जॉब वर्षभर चालणार असेल तर गँट्री (मशीनच्या वर रुळावर सरकणारा लोडर). आपल्याकडच्या बऱ्याच शॉपमध्ये पन्नास-शंभर नगांच्या बॅच असतात. तिथे जॉ आणि ग्रिपरची बोटं बदलायला किती वेळ लागतो यावरच सगळं गणित ठरतं, त्यामुळे एकाच व्यासाच्या आसपासचे जॉब निवडून सुरुवात करा.

ट्रेचाही हिशेब मांडा. ९० सेकंदांची सायकल म्हणजे तासाला ४० जॉब. ट्रेमध्ये ६० मावत असतील तर दीड तासाने माणूस लागणारच, मग "रात्री बिनमाणसाची शिफ्ट" होणार कशी? त्यातच इन्सर्टची एक कड १०० जॉब टिकत असेल तर टूल लाइफ काउंटर, पर्यायी टूल आणि ठरावीक जॉबनंतर एक नमुना बाहेर देणारी चूट हवी.

कोबॉट आहे, कुंपण कशाला?

कोबॉटचा (माणसाच्या शेजारी काम करायला बनवलेल्या रोबोटचा) हात हळू चालतो म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. ग्रिपरमध्ये ताज्या धारेचा जॉब असतो, बोट चिमटायला चक आणि दारही असतं. जोखमीचं मूल्यमापन आयएसओ १०२१८ प्रमाणे करून घ्या आणि लेखी मागा. कुंपणाच्या दाराचा इंटरलॉक (दार उघडताच सेल थांबवणारा स्विच) तार जोडून निकामी करू देऊ नका, कितीही घाई असली तरी.

पैसे पूर्ण देण्याआधी चाचणी तुमच्या अटींवर घ्या. सप्लायर निवडक, घासून-पुसून ठेवलेले जॉब घेऊन येईल. तुम्ही तुमच्याच ढिगातले, गंजलेले, बर असलेले जॉब द्या. पूर्ण शिफ्ट चालवा. मधेच मेन स्विच पाडा, हवेचा पाइप काढा, स्टॉपरवर मुद्दाम एक चिप ठेवा, ट्रेची एक जागा रिकामी सोडा. प्रत्येक वेळी सेल कसा थांबतो आणि तुमचाच ऑपरेटर तो किती वेळात पुन्हा सुरू करतो, हे लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या, आणि शेवटचा हप्ता त्या कागदाशी बांधा.