मुलाला घरी वाचायला शिकवताना: आधी कान, मग अक्षर

बहुतेक घरांत सुरुवात भिंतीवरच्या तक्त्यापासून होते. मूल 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत घडाघडा म्हणून दाखवतं आणि समोर 'नळ' लिहिलं की गप्प बसतं. यात त्याचा दोष नाही. तक्ता त्याला गाण्यासारखा पाठ झालेला असतो, खूण आणि आवाज यांची गाठ अजून बसायची असते.

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे पाटी-पेन्सिल बाजूलाच ठेवा. कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारा, "'म'ने सुरू होणारं काय काय आठवतं?" ते जमू लागलं की थोडं अवघड: "'बादली'तला 'बा' काढला तर काय उरलं?" 'दली' ऐकून मुलं खदखदून हसतात. शब्द तोडता येतो, जोडता येतो, हे कानाला कळलं की पुढचं बरंच सोपं जातं.

मग अक्षरं, पण वर्णमालेच्या क्रमाने नकोत. तो क्रम उच्चार तोंडात कुठे होतो त्यावरून लावलेला आहे. सुंदर आहे, पण 'क ख ग घ ङ' एवढ्यात वाचण्याजोगे शब्द कितीसे होणार? त्यापेक्षा म, क, न, ब, ल आणि काना घ्या. मामा, काका, बाबा, मान, मका, बाक, लाल लगेच हाताशी येतात. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर एकेक अक्षर लिहा, काना वेगळ्या तुकड्यावर. न, काना, क असे मांडले की 'नाक'. तेच तीन तुकडे उलट्या क्रमाने लावायला सांगा: 'कान'! हे मुलाला स्वतःलाच सापडू द्या.

घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्या मात्र एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं होऊ द्या, मग दुसरं.

'नळ' वाचताना मूल 'न… ळ…' असं सुटं म्हणतं आणि त्याला शब्द ओळखू येत नाही, कारण शेवटच्या अक्षरातला 'अ' आपण बोलताना गाळतो. "आता भरभर म्हण," एवढं सांगितलं तरी पुरतं. पहिली वेलांटीही फसवी: लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. मी तर दुसरी वेलांटी आधी शिकवते. 'चार' आणि 'चाक' यांत 'च'चे उच्चार वेगळे, खूण एकच. तिथे अडखळलं तर रागावू नका. जोडाक्षरं आणि रफार शेवटी.

रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत, जांभई आली की पुस्तक मिटा. मूल स्वतः वाचू लागलं तरी तुम्ही वाचून दाखवणं थांबवू नका. ओळीखालून बोट फिरवत वाचा. तीच गोष्ट विसाव्यांदा मागितली तर विसाव्यांदा वाचा. (कंटाळा आपल्याला येतो, त्यांना नाही.) ती पाठ झाल्याचा संशय आला, तर त्यातलाच एखादा शब्द कागदावर वेगळा लिहून विचारा.

सर्वांत कठीण काम आपलं: गप्प राहणं. मूल अडलं की मनात पाच आकडे मोजा. माझ्या मुलीने एकदा वाचलं, "मांजर धरात शिरली." मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात ती स्वतःच थबकली. "धरात?" बोट मागे नेलं, अक्षराकडे निरखून पाहिलं आणि ओरडली, "घरात!" वाक्याला अर्थ लागला नाही हे तिच्याच लक्षात आलं होतं. पाच मोजूनही गाडी हलली नाही, तर शब्द सरळ सांगून टाका आणि पुढे चला. एका शब्दापायी गोष्ट मोडू नका.

मूल पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल किंवा सारखं "काय?" विचारत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. वर्ष-दीड वर्ष नियमित शिकवूनही सोपे शब्द जुळत नसतील, तर आळशी म्हणून मोकळं होऊ नका. शिक्षकांशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला. वाचनअक्षमता असली तर वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागतं, आणि ते शिकवणं जितकं लवकर सुरू होईल तितकं मुलाला सोपं जातं.