सिगरेटचा वास जात नाही? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

एप्रिलमध्ये बेळगावात टिळकवाडीत घर भाड्यानं घेतलं तेव्हा दारं-खिडक्या सताड उघडी होती, वास काही जाणवला नाही. जूनमध्ये पाऊस लागला, आठ दिवस खिडक्या बंद, आणि हॉलमध्ये असा वास सुटला की वाटावं आत्ताच कोणीतरी सिगरेट ओढून उठलंय. आधीचा भाडेकरू भरपूर ओढायचा हे मग खालच्या अक्कांनी सांगितलं, वर आम्हालाच, "तुम्हाला म्हाईत न्हवतं व्हय?"

पहिली चूक, अगरबत्ती. मग धूप, मग मोगऱ्याचा रूम फ्रेशनर. म्हणजे धुराचा वास घालवायला आणखी धूर, आणि हाती काय आलं तर मोगरा अधिक सिगरेट, जे नुसत्या सिगरेटपेक्षा वाईट. खरं वास हवेत नसतोच ओ, निकोटीन आणि टारचा चिकट थर भिंतीला, छताला, पडद्यांना बसलेला असतो आणि हवा दमट झाली, खोली बंद राहिली की तिथून परत परत सुटत राहतो. खात्री करायची असेल तर पांढरं फडकं ओलं करून छताजवळची भिंत पुसून बघा, फडकं पिवळं-तपकिरी आलं तर समजा काम मोठं आहे.

सगळ्यात महाग पडलेली चूक म्हणजे धुतल्याशिवाय रंग. मालक म्हणाले रंग मारून देतो, आम्ही खूश, पेंटरनं दोन दिवसांत इमल्शनचा हात मारला आणि पंधरा दिवसांत छतावर पिवळे डाग वर आले, वास तर होताच. इमल्शन म्हणजे पाण्यातला रंग, तो त्या थरावर टिकत नाही, निकोटीन त्यातून वर येतं. आधी कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडनं छत आणि भिंती धुवायच्या (हातात ग्लोव्हज घाला, तपकिरी ओघळ येतात, किळस येते), पूर्ण वाळू द्यायचं, मग डाग अडवणारा ऑइल बेस प्रायमर, आणि त्याच्यावर रंग. पावसाळ्यात भिंत वाळतच नाही म्हणून आम्ही हे काम दिवाळीपर्यंत ढकललं. भिंतीला साधा डिस्टेंपर किंवा चुना असेल तर धुताना तो हातातच येतो, तिथं खरवडूनच काढा.

मग व्हिनेगर. निकोटीन अल्कलीच्या बाजूचं, म्हणून व्हिनेगर त्याच्यावर चालतं, काच, ग्लेझ टाइल, दारं पुसायला उत्तम. पण मी तेच उत्साहानं शहाबादी फरशीवर ओतलं आणि दाराजवळचा एक चौकोन कायमचा पांढुरका झाला. शहाबादी, कडप्पा, मार्बल हे चुनखडीचे दगड, आंबट लागलं की खरवडले जातात. तिथं साबणाचं पाणीच. आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच कधी, कधीच मिसळू नका, क्लोरीन गॅस तयार होतो, बंद बाथरूममध्ये तर जिवावरचं काम.

विसरलेल्या जागा कुठल्या? पंख्याची पाती, ट्यूबलाइटची पट्टी (मेन बंद करून पुसा), एसीचा फिल्टर आणि आतली कॉइल, कपाटाची आतली बाजू, जिथं कच्चं प्लायवूड असतं आणि ते सगळं पिऊन बसतं. पडदे दोनदा धुवावे लागले. कापसाच्या गाद्या असतील तर पिंजून खोळ नवी घाला, नुसतं ऊन दाखवून भागत नाही. एअर प्युरिफायर घ्यायचाच तर त्यात ॲक्टिव्हेटेड कार्बन (वास शोषणारा कोळसा) आहे का विचारा, नुसता हेपा फिल्टर धूळ पकडतो, वास नाही. ऑनलाइन मिळणारी ओझोन मशीन तर घेऊच नका, वास मारण्याइतका ओझोन फुफ्फुसालाही मारतो.

अजून एक, स्वतःच्या नाकावर विश्वास. माझं माहेर निपाणीचं, लहानपण तंबाखूच्या वखारींच्या वासात गेलं, मला तर चार दिवसांत सगळं स्वच्छ वाटायला लागलं. आमचे हे पण म्हणाले, गेला की वास. मग खानापूरहून नणंद आली, चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "वन्सं, कोण सिगरेट ओढायलंय घरात?" (मी तिची वहिनी, पण ती मला चिडवायला वन्संच म्हणते.) तेव्हापासून बाहेरून येणाऱ्याला दारातच विचारते.

भिंती सुटल्या, सोफा नाही. मालकांचाच जुना फोमचा सोफा, खायचा सोडा रात्रभर टाकून दोनदा व्हॅक्यूम केला, उन्हात ठेवला, काय उपयोग नाही, फोमच्या आत गेलेला वास वरून निघत नाही. मालकांना विचारून शेवटी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं उशी उचलली, हुंगली आणि भाव निम्मा केला.