तिसरा वाढदिवस आणि घरचा केक: तयारीची यादी

वाढदिवसाची तारीख ठरलेलीच असते, ठरवायची असते ती वेळ. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा सगळा दिवस दुपारच्या झोपेवर अवलंबून असतो. एक ते तीन झोपलेलं मूल दूध-बिस्किट खाऊन पाचला अगदी खुशीत असतं आणि सातनंतर किरकिरायला लागतं. म्हणून पाच ते सात हीच वेळ धरा आणि केक साडेपाचला कापणार, हे आमंत्रणातच लिहा. ऑफिसमधून निघालेल्या काकासाठी किंवा ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या आत्यासाठी केक थांबवू नका. त्यांचा तुकडा झाकून ठेवता येतो. मूल एकदा कंटाळलं की मग फोटोत फक्त रडका चेहरा येतो.

औक्षण सकाळीच करा. ताम्हणात निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि पेढा, एवढं आदल्या रात्री काढून ठेवायचं. फुलवातीही तुपात भिजवून ठेवायच्या. सकाळी मूल आंघोळ करून ताजंतवानं असतं, आजीलाही निवांत ओवाळता येतं. ज्योत फुंकून विझवणं पुष्कळ घरांत मोठ्यांना रुचत नाही. सकाळी निरांजन आणि संध्याकाळी मेणबत्ती असं ठेवलं की कुणाचंच मन दुखावत नाही. तिथीनेही वाढदिवस करणाऱ्यांनी औक्षण आणि गोडाचं जेवण तिथीला ठेवावं, तारखेला फक्त दोस्तमंडळी बोलवावीत.

पाहुण्यांची यादी करताना एक लक्षात घ्या: या वयाचं मूल एकटं येत नाही. आठ मुलं बोलावली की आई किंवा बाबा, एखादं धाकटं भावंड आणि घरची माणसं धरून पंचवीस डोकी होतात. दोन खोल्यांच्या घरात याहून जास्त नकोत. सोसायटीचा हॉल घेणार असाल तर सेक्रेटरींना पंधरा दिवस आधी सांगा आणि पंखे चालतात का, मुलांच्या उंचीवर उघडे सॉकेट आहेत का, हे स्वतः जाऊन पाहून या.

आता केक. माझं ठाम मत आहे की तीन वर्षांच्या मुलासाठी केक घरीच करावा, आणि तो साधाच असावा. आत काय घातलंय हे आपल्याला माहीत असतं, गोड कमी करता येतं, आणि पीठ चाळताना ते लुडबुडणारं लेकरू दुसऱ्या दिवशी ‘मी केला’ म्हणून सगळ्यांना सांगत फिरतं.

बिनअंड्याचा, दह्याचा चॉकलेट केक मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. सात-आठ इंची भांड्याला एक कप ताजं घट्ट दही, पाऊण कप पिठीसाखर, अर्धा कप बिनवासाचं तेल, सव्वा कप मैदा, पाव कप कोको पावडर, एक टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून खाण्याचा सोडा, थोडा व्हॅनिला इसेन्स आणि लागेल तसं दोन-चार चमचे दूध. पंचवीस जणांना असे दोन केक लागतात, एकावर एक ठेवायला. आठवडाभर आधी एक करून पाहा, कारण प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा आणि पुस्तकातली मिनिटं आपल्या ओव्हनला लागू पडतीलच असं नाही.

ओव्हन आधी १८० अंशांवर तापत ठेवायचा आणि भांड्याला तेलाचा हात लावून तळाशी बटर पेपर घालायचा, मिश्रण त्यानंतर. दही, साखर आणि तेल एकजीव फेटून घ्या. कोरडे जिन्नस दोनदा चाळून त्यात घाला आणि पिठाच्या गुठळ्या मोडल्या की हात थांबवा. जास्त घोटलं तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि केक चिवट होतो. दह्यातल्या आम्लाशी सोड्याची गाठ पडली की लगेच वायू सुटायला लागतो, त्यामुळे मिश्रण ओट्यावर ठेवून फोन घ्यायला जायचं नाही, थेट ओव्हनमध्ये. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडू नका, नाहीतर मधोमध खळगा पडतो. पस्तीस मिनिटांनी टूथपिक खुपसून पाहा. ओलं पीठ लागलं तर आणखी पाच मिनिटं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत इंचभर मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा आणि मग मंद आचेवर केक पाऊण तास भाजा. नॉन-स्टिक कढई यासाठी वापरू नका, कोरडी तापवली की तिचा थर खराब होतो.

हे सगळं आदल्या दिवशी, तेही दुपारी उरका. पावसाळ्यात वाढदिवस असेल तर लाइट जाण्याचा हिशोब ठेवलेला बरा. केक भांड्यात दहा मिनिटं निवू द्या, मग जाळीवर काढा, पूर्ण गार झाल्यावर घट्ट गुंडाळून डब्यात ठेवा. फ्रिजमध्ये एक अख्खा कप्पा रिकामा करा आणि डब्याची उंची आधी मोजून घ्या. उघडा केक कांद्याचा आणि मासळीचा वास पटकन धरतो.

वरच्या थरासाठी क्रीमच्या मागे लागू नका, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. टेट्रापॅकमधल्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्के असतो, कितीही फेटलं तरी ते फुलून उभं राहत नाही. त्याचं गनाश मात्र छान होतं. २०० ग्रॅम चॉकलेटचे बारीक तुकडे करून त्यावर १०० ग्रॅम गरम क्रीम ओतायचं आणि दोन मिनिटांनी हलक्या हाताने ढवळायचं. हे उकाड्यातही बऱ्यापैकी तग धरतं. दोन केकना याच्या दुप्पट घ्या.

सजावटीला फॉन्डंटची, म्हणजे केकवर लाटून लावायच्या साखरेच्या थराची, गरज नाही. या वयाची बरीच मुलं रस्त्यात जेसीबी दिसला की जागची हलत नाहीत. तर वरच्या केकची एक कड चमच्याने कोरा, त्या खड्ड्यात आणि भोवती चॉकलेट बिस्किटांचा जाडसर चुरा माती म्हणून पसरा आणि साबणाने धुऊन कोरडा केलेला खेळण्यातला पिवळा जेसीबी वर ठेवा. त्याच्या फावड्यात चिमूटभर ‘माती’ भरायला विसरू नका, मुलं आधी तिथेच बघतात. केक कापण्याआधी जेसीबी उचलून मुलाच्या हातात द्यायचा.

खाण्यात मोठ्यांसाठी पावभाजी सोयीची. भाजी सकाळी करून ठेवता येते आणि तिखट घालण्याआधी मुलांची वेगळी काढता येते. मुलांना छोट्या इडल्या, केळ्याचे काप, मऊ पराठ्याचे तुकडे. पाच वर्षांखालच्या मुलांसमोर अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न, गोळ्या आणि अख्खी द्राक्षं ठेवू नका, घशात अडकतात. द्राक्षं द्यायचीच तर उभी चार तुकडे करून. पाहुण्यांत एक वर्षाखालचं बाळ असेल तर मध घातलेलं काहीही त्याच्यापर्यंत पोचता कामा नये. आणि कुणाला शेंगदाणा, काजू, दूध किंवा गहू चालत नाही का, हे आमंत्रण देतानाच विचारा. हा एक प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

फुगे तोंडाने किंवा पंपाने फुगवलेलेच आणा. गॅसच्या फुग्यांत हायड्रोजन असू शकतो आणि तो मेणबत्तीजवळ पेट घेतो. फेसाच्या स्प्रेचंही तेच, तो घरात आणूच नये. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलायचं काम एखाद्या मोठ्या मावसभावाला नेमून द्या. चॉकलेटं भरलेला मोठा फुगा फोडण्याचा खेळ या वयाला नकोच, खाली वाकलेली लहान मुलं चेंगरतात. त्याऐवजी साबणाचे फुगे आणि जमिनीवर पसरलेला मोठा कागद व जाड खडू, एवढ्यावर तासभर छान जातो.

किरकोळ सामान एकाच पिशवीत भरा: मेणबत्त्या, काडेपेटी (हीच ऐन वेळी शोधावी लागते), बोथट सुरी, ओले रुमाल, कचऱ्याच्या पिशव्या, मुलाचा जादा कपड्यांचा जोड. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, फुग्यांच्या काड्या आणि सजावटीचं थर्माकोल यांवर बंदी आहे. सुपारीच्या पानाच्या ताटल्या आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेले स्टीलचे चमचे उत्तम. परतभेट म्हणून पाटी आणि खडू पुरेत, सुटे बारीक भाग असलेली खेळणी नकोत.

आलेली बक्षिसं त्या रात्री उघडू नका. कपाटावर ठेवून द्या आणि पुढच्या काही दिवसांत रोज एक काढा, म्हणजे कुणी काय दिलं तेही मुलाला कळतं. वॉचमनकाका आणि कामाच्या मावशींचा केक पाहुणे येण्याआधी विचारात घेऊन वेगळा धरा, आणि उरलेला डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवसांत संपवा.