शॉर्टफिल्ममधलं बोलणं कळत नाही? संवाद रेकॉर्ड करताना या चुका टाळा

शॉर्टफिल्म दाखवताना मागच्या रांगेतून "काय म्हनी ऱ्हायना तो?" असं ऐकू आलं, तर घोटाळा बहुतेक वेळा शूटिंगच्या जागेवरच झालेला असतो. एडिटिंगला बसल्यावर तो फक्त सापडतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं मोबाईलवर सुंदर चित्रं टिपतात. पण अहिराणीसारखी पटपट बोलली जाणारी भाषा पडद्यावर आणायची तर चित्राइतकीच मेहनत आवाजावर घ्यावी लागते.

माइक लांब ठेवणं

सगळ्यात मोठी चूक हीच. फ्रेम मोठी हवी म्हणून कॅमेरा आठ-दहा फुटांवर जातो आणि आवाजही त्याच मोबाईलच्या माइकवर घेतला जातो. तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. खोलीतला घुमारा आणि पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते. मग एडिटिंगमध्ये आवाज वाढवला की पंखाही वाढतो.

बूम, म्हणजे वरून धरायचा लांबट माइक, असेल तर रंगाऱ्याच्या लांब दांड्याला बांधा आणि फ्रेमच्या अगदी वरून, दीड-दोन फुटांवर, तोंडाच्या दिशेने धरा. दांडा धरणाऱ्याला दुसरं काम देऊ नका. त्याच्या कानाला वायरचा हेडफोन हवा. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो.

बूम नसेल तर साधा कॉलर माइक घ्या, तो दुसऱ्या मोबाईलला जोडा, फोन फ्लाइट मोडवर टाकून कलाकाराच्या खिशात ठेवा. माइकच्या पिनवर काळी कडी दोन असतील तर ती कॅमेऱ्याची, तीन असतील तर मोबाईलची. चुकीची पिन लावली की वायरचा माइक गप्प बसतो आणि फोन खुशाल स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो. हे नंतर कळतं, म्हणून आधी माइकवर बोटाने टकटक करून ऐका.

माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. साडी असेल तर पदर सरकला की खरखर होते आणि मंगळसूत्र माइकवर आपटतं. मेडिकलमधून मायक्रोपोर टेप आणा. टेपची चिकट बाजू बाहेर येईल अशी त्रिकोणी घडी करून माइकच्या दोन्ही बाजूंना लावा, म्हणजे माइक आणि कापड एकत्र हलतील, घासणार नाहीत. खाली वायरचा छोटा वेढा घालून तोही चिकटवा. मग मान वळवली तरी ओढ माइकपर्यंत जात नाही.

जागा फक्त डोळ्यांनी बघणं

लळिंगचा किल्ला फ्रेममध्ये छान दिसतो, पण पायथ्याशी मुंबई-आग्रा महामार्ग आहे. भुसावळला रुळांजवळ घर मिळालं तर गाड्या थांबायच्या नाहीत. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या आहेत, म्हणजे वारा आलाच. तिथे माइकला केसाळ आवरण हवं, नुसता स्पंज पुरत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत वाऱ्याने फाटलेली पानं सतत सळसळतात आणि विहिरीवरची मोटर सुरू झाली की सगळंच संपलं. शेतमालकाला आधीच विचारून ठेवा, थ्री फेज लाइट कधी असते? ती नसते तेव्हा मोटरी बंद असतात. तीच तुमची शूटिंगची वेळ.

जागा ठरवताना, ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी जाऊन डोळे मिटून पाच मिनिटं उभं राहा.

स्लॅबच्या, फरशीच्या रिकाम्या खोलीत घुमारा येतो आणि तो नंतर नीट काढता येत नाही. फ्रेमच्या बाहेर दोरीवर गोधड्या टांगा, खाली गादी टाका. जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या भिंतींमुळे आवाज कितीतरी मऊ येतो. कथेला चालत असेल तर मी तेच घर निवडेन.

पंखा अर्ध्या टेकला चालू, अर्ध्या टेकला बंद

मे महिन्यात भुसावळला पंखा बंद करा म्हणणं सोपं नाही, हे मान्य. पण काही शॉट पंख्यासकट आणि काही पंख्याविना घेतले, तर प्रत्येक कटला मागचा आवाज उडी मारतो. टेकपुरता पंखा आणि कूलर बंद, टेक झाला की चालू, असा नियमच करा. संवादाचे प्रसंग सकाळी लवकर घ्या. फ्रीज बंद केला तर त्यात मोटरसायकलची चावी ठेवा, म्हणजे तो चालू केल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही.

लेव्हल

"हॅलो, वन टू थ्री" म्हणून लेव्हल, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, लावू नका. प्रसंगातलं सगळ्यात चढं वाक्य म्हणायला लावा आणि त्याचं शिखर रेकॉर्डरच्या मीटरवर -12 डेसिबलच्या आसपास ठेवा. साध्या रेकॉर्डरवर आवाज फाटला की फाटलाच. ऑटो गेन (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद करा, नाहीतर कलाकार थांबला की मागची घरघर फुगते. फाइल वेव्ह (WAV), 48 किलोहर्ट्झ, 24 बिट.

वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज चित्राशी जुळवायला टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी हवीच. लांब टेक असेल तर शेवटीही वाजवा. मोबाईलचा फ्रेम रेट कमी-जास्त होतो आणि ओठ पुढेमागे जातात, ते शेवटच्या टाळीवर लगेच दिसतं. अशी क्लिप आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या.

प्रसंग संपला की कोणालाही हलू न देता त्या खोलीची शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. ट्रेनचा भोंगा मध्ये आला असेल तर तीच वाक्यं तिथल्या तिथे, कॅमेरा बंद ठेवून, माइक जवळ धरून पुन्हा म्हणून घ्या. भावना ताजी असते, सूर जुळतो. आठ दिवसांनी बंद खोलीत केलेलं डबिंग या पाच मिनिटांची बरोबरी करत नाही.

एडिटिंग

नॉइज रिडक्शन, म्हणजे मागची घरघर काढणारा इफेक्ट, पूर्ण ओढणं ही इथली मोठी चूक. आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि पहिले स, श आणि शब्दांचे शेवट जातात. अहिराणीत तर वाक्यावाक्याच्या शेवटी 'शे' येतं, तेच गेलं तर उरतं काय? ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये 6 ते 10 डेसिबलवर थांबा. थोडी घरघर राहू द्या, खोलीची शांतता सगळ्या कटांखाली पसरा आणि प्रत्येक जोडावर दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज विरताना दुसरा चढेल. ती घरघर कानाला जाणवणार नाही.

80 ते 100 हर्ट्झच्या खालचं कापून टाका. विजेची गुणगुण 50 हर्ट्झची असते, पण तिचे पट 100 आणि 150 वरही असतात, तिथे अरुंद नॉच (तेवढाच सूर कापणारा फिल्टर) लावा. एकाच कानात आवाज येत असेल तर ट्रॅक मोनो करा. बूम आणि कॉलर माइक एकत्र वाजवल्यावर आवाज पोकळ वाटला, तर एक बंद करा. पार्श्वसंगीत सगळ्यात शेवटी घाला. यूट्यूबसाठी एकूण पातळी -14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप, LUFS) जवळ ठेवा. यूट्यूब जास्त मोठा आवाज खाली आणतं, हळू आवाज मात्र वाढवून देत नाही.

एक्सपोर्ट केलेली फाइल मोबाईलच्या साध्या स्पीकरवर, स्क्रिप्ट न वाचलेल्या माणसाला ऐकवा. जे वाक्य तो पुन्हा विचारेल, त्याखालचं संगीत आधी उतरवा. तरीही कळलं नाही तर दुसऱ्या टेकमधून तेवढाच शब्द आणून बसवा.