कान्तोची काळी माती आपल्या काळ्या मातीसारखी नाही

इथे जपानमधे, टोकियोभोवतीच्या कान्तो भागात, शिमिन नोएनमधे (लोकांना भाजी लावायला भाड्याने मिळणारी शेतं) वाफा मिळाला की आपली मंडळी लगेच फोटो टाकतात, 'अगदी गावाकडची काळी माती!' नाही हो. मीही तेच समजलो होतो आणि दर वसंतात कोणीतरी नवीन तेच समजतं, म्हणून लिहितोय.

आपली काळी माती बेसाल्टची, चुनखडीची, ओली झाली की चिकट आणि उन्हात भेगाळणारी. इथली काळी माती, म्हणजे कुरोबोकु, फुजी, हाकोने, आसामा या ज्वालामुखींच्या राखेची. मुठीत घ्या, हलकी भुसभुशीत लागेल, काळा रंग ह्यूमसचा. पाणी मस्त धरते, मुळा-गाजर सरळ खाली जातात. पण पावसाने चुना धुऊन जातो म्हणून आम्लधर्मी असते, आणि राखेतून बनलेलं खनिज अ‍ॅलोफेन आणि त्यातलं अ‍ॅल्युमिनियम फॉस्फरसला असं पकडून बसतं की मातीत असूनही पिकाला मिळत नाही.

माझी मेथी चार बोटांवर अडली, पानं जांभळट. मला वाटलं नत्र कमी पडतंय, म्हणून अमोनियम सल्फेट टाकलं, परत टाकलं, त्याने माती अजून आंबट झाली. मग 8-8-8 च्या (नत्र, फॉस्फरस, पोटॅश प्रत्येकी 8 टक्के) खताच्या पिशव्या आणून सगळीकडे फेकून खणून मिसळल्या. अख्खा सीझन आणि वीसेक हजार येन गेले. फॉस्फरसवालं खत पसरू नका, खरंच पसरू नका! जितकी जास्त माती खताला लागते तितका फॉस्फरस अडकतो. शेणखतात कालवून बियांच्या ओळीखाली द्या.

शेजारच्या आजोबांना सगळं दिसत होतं, पण इथे न विचारता सांगत नाहीत, समोरच्याला कमीपणा वाटेल म्हणून. विचारलं तर स्वतः फावडं घेऊन येतात. योरिन हे फॉस्फरसचं खत त्यांनीच सांगितलं, ते पाण्यात विरघळत नाही, मुळांच्या आम्लाने हळूहळू सुटतं, त्यामुळे मातीला एकदम पकडता येत नाही, वर मॅग्नेशियमही मिळतं.

आधी पीएच बघा. कमी असेल तर कुदो सेक्काई (मॅग्नेशियमवाला चुना), चौरस मीटरला साधारण 100 ग्रॅम, पेरणीच्या दोन आठवडे आधी. अमोनियावाल्या खताबरोबर एकाच दिवशी नको, नत्र उडून जातं. बटाट्याला चुना नको, सालीवर खरबरीत डाग पडतात.

टोकियोतल्या निशिकासाईकडे नदीचा गाळ आहे, तिथे हे सगळं तसंच लागू होत नाही. भारतातून माती आणायला बंदी आहे, चिमूटभरसुद्धा नको.

थंडीत मातीत बर्फाच्या सुया उभ्या राहतात, कोवळी रोपं मुळासकट वर उचलली जातात, डिसेंबरच्या आधी वाफ्यावर पेंढा पसरा.